चाळीस कोऱ्या सह्या

द्रौपदी उबाळे नगरसेविका झाली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं घरात एक नियम घातला. दारात आलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही. नियम चांगलाच होता, त्यात खोट काढायला कुणाला जागा नव्हती. पण पुढं जो घोळ झाला तो ह्याच नियमातून झाला, म्हणून तो आधी सांगितलेला बरा.

साल शहाण्णव. पालिकेत बायकांसाठी जागा राखीव झाल्या तेव्हा बदलापुरातल्या झाडून साऱ्या पुढाऱ्यांची धांदल उडाली होती. ज्यांनी जन्मात बायकोला विचारून भाजीसुद्धा आणली नव्हती, ते गल्लीबोळात बाई शोधत फिरायला लागले. मांजर्लीच्या पुढं नदीच्या अंगाला पंचशीलनगर नावाची वस्ती होती, तिथली जागा अनुसूचित जातीच्या बाईसाठी निघाली. आण्णा हे पक्षाचे तिथले सर्वेसर्वा. त्यांनी द्रौपदीला हेरलं. सातवी पास, सही करता येते, उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जाते, नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला. अशी बाई सांगू तिथं हात वर करील, असा आण्णांचा अंदाज होता. आण्णांचे अंदाज सहसा चुकत नसत.

द्रौपदी मात्र उभी राहिली ती वेगळ्याच कारणानं. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या जनाबाईची सून, बनू, बाळंतपणाला अडली होती. जवळ दवाखाना नाही, म्हणून रिक्षात घालून उल्हासनगरला न्यायला निघाल्या. रेल्वेच्या फाटकाशी आल्या तर फाटक बंद. एक मालगाडी आली आणि तिथंच उभी राहिली. पाऊण तास. बनूचं डोकं द्रौपदीच्या मांडीवर होतं, आणि जनाबाई रिक्षातून उतरून फाटकवाल्याच्या पाया पडत होती. त्या बिचाऱ्याच्या हातात काय होतं? फाटक उघडलं तेव्हा रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं आणि इंजिन बंद केलं. घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पोटातलं पोरही गेलं.

वस्तीच्या तोंडाशीच एक मोकळी जागा होती, भूखंड क्रमांक सत्तावीस. विकास आराखड्यात ती प्रसूतिगृहासाठी राखून ठेवलेली होती. आराखड्यात सगळंच असतं. प्रत्यक्षात तिथं पोरं क्रिकेट खेळायची आणि म्हशी बसायच्या. द्रौपदीनं मतं मागताना एकच गोष्ट सांगितली होती, इथं दवाखाना उभा करते. निवडून आल्यावर दर सभेत ती उठायची आणि सत्तावीस नंबरचं काय झालं म्हणून विचारायची. बाकीचे सदस्य तोंडावर रुमाल धरून हसायचे, "आल्या दवाखानेवाल्या बाई." उत्तर ठरलेलं, पुढच्या वर्षी. ती खाली बसायची आणि पुढच्या सभेत पुन्हा उठायची.

आता दाखल्यांचं. रेशनकार्ड काढायचं, पोराला शाळेत घालायचं, गॅसचा नंबर लावायचा, कशालाही नगरसेवकाच्या लेटरहेडवर रहिवासी दाखला लागे. माणसं सकाळपासून दारात यायची, आणि द्रौपदी तर पालिकेत किंवा कुठल्या नळाच्या भांडणात. लोकांची दिवसाची मजुरी बुडायची. मग तिनं युक्ती काढली. रविवारी संध्याकाळी चूल आटोपली की ती चाळीस लेटरहेड पुढ्यात घ्यायची, प्रत्येकाच्या तळाशी सही करायची, शिक्का मारायची आणि गठ्ठा नवऱ्याच्या, सुदामच्या, हवाली करायची. सुदामचं अक्षर मोत्यासारखं. कुणी आलं की नाव-पत्ता लिहायचा आणि पत्र्याच्या पेटीतला एक कागद देऊन टाकायचा. दोन मिनिटांत काम. पंचशीलनगरात तिचं नाव झालं ते ह्याच्यामुळं. तिला स्वतःलाही त्याचा भारी अभिमान होता.

मंगळवारी सकाळी पालिकेचा शिपाई गुरुवारच्या सभेची विषयपत्रिका टाकून गेला. असले कागद तिला शशिकांत समजावून सांगायचा. शशिकांत बाजूच्या सोसायटीत राहायचा आणि मुंबईत सरकारी कचेरीत कारकून होता. स्वभावानं मदत करणारा. त्या दिवशी त्याची रजा होती. तो वाचता वाचता विषय क्रमांक नऊवर थांबला.

"ताई, हे तुम्ही कधी दिलंत?"

"काय?"

"भूखंड सत्तावीसवरचं प्रसूतिगृहाचं आरक्षण उठवून तिथं दुकानं आणि फ्लॅट बांधायला परवानगी. आणि खाली लिहिलंय, संदर्भ, प्रभागाच्या सदस्या श्रीमती उबाळे यांचे पत्र."

द्रौपदीला आधी वाटलं तो चेष्टा करतोय. मग त्याचं तोंड पाहिलं आणि तिनं कागद त्याच्या हातातून ओढून घेतला.

ती तशीच पालिकेत गेली. टपाल घेणारी कारकून सुहासिनी सरळ बाई, कुणाच्या अध्यातमध्यात नसायची. तिनं फाइल काढून पुढं ठेवली. पत्र टाइप केलेलं होतं. वस्तीला प्रसूतिगृहाची निकड नाही, जवळच इतर सोयी आहेत, तरी आरक्षण उठवावे, अशी आपणांस नम्र विनंती. मजकूर कागदाच्या मध्यावरच संपला होता. मग चार बोटं कोरी जागा. आणि अगदी तळाशी निळ्या शाईत तिची सही, शेजारी गोल शिक्का. ती चार बोटं जागा पाहिली आणि तिला सगळं कळलं.

"बाई, मी सही बघूनच पोच दिली हो," सुहासिनी घाबरून म्हणाली. "तुमची सही मी झोपेत पण ओळखीन. काही चुकलं का माझं?"

"तुमचं नाय चुकलं," द्रौपदी म्हणाली.

घरी सुदाम पेटीशीच बसला होता. तिनं विचारायच्या आधीच त्यानं मान खाली घातली.

"कुणाला दिला कागद?"

"आण्णांचा ड्रायव्हर आला होता. रहिवासी दाखला पायजे म्हणाला. दोन कोरेच दे, एक खराब झाला तर दुसरा, असं म्हणाला. तूच म्हणतेस ना, कुणाला परत पाठवू नका."

"ड्रायव्हर अंबरनाथला राहतो."

सुदामनं पेटीचं झाकण लावलं.

"तुम्हाला ठाऊक होतं तो इथं राहत नाय."

"होतं," सुदाम म्हणाला. "पण आण्णांच्या माणसाला नाय कसं म्हणू? त्यांच्यामुळं तिकीट मिळालं तुला. म्हटलं असेल काहीतरी काम. मला काय माहीत ते ह्या जागेवर उठतील!"

तिला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. नियम कुणाचा होता? सह्या कुणाच्या होत्या? ती जेवली नाही.

बुधवारी दुपारी आण्णा स्वतः आले. पांढरे कपडे, हातात पेढ्यांचा पुडा. बोलणं नेहमीसारखं गोड.

"वहिनी, टेन्शन घेऊ नका. पालिकेकडं दवाखाना बांधायला फंड कुठंय? वीस वर्षं ती जागा अशीच राहणार. बिल्डर बांधील, एक खोली देईल दवाखान्याला. तुमचं नाव देऊ वर. उद्या तुम्ही फक्त बसून राहा. हात वर नका करू, काही बोलू नका. बस."

"मी पत्र दिलं नाय, आण्णा."

"सही तुमची आहे."

"कोऱ्या कागदावर केलेली."

आण्णा हसले. "हे उद्या सभेत सांगणार? सांगा की. पण मग ऐका. कोऱ्या कागदावर सह्या करणारी नगरसेविका म्हणून चौकशी लागेल, पद जाईल ते जाईल. कागद वाटले म्हणून सुदामवर केस होईल. आणि तुम्ही आजवर दिले किती दाखले?"

तिनं पेटीकडं पाहिलं. पेटीत सुदामनं वहीत नावं लिहून ठेवली होती. तीनशे बारा.

"ते सगळे खोटे ठरतील, वहिनी. ज्यांनी त्यावर कार्ड काढली, पोरं शाळेत घातली, त्या सगळ्यांना नोटिसा. वस्ती तुमच्या दारात येईल आणि चपला घेऊन येईल. मी तुमच्या भल्याचं सांगतोय." पेढ्यांचा पुडा चटईवर ठेवून ते निघून गेले.

संध्याकाळी शशिकांत आला. त्यानं रस्ता शोधून आणला होता. "सरळ सांगा, सही माझी नाही. कुणीतरी गिरवली. पत्र आपोआप बाद होतं, दाखल्यांचा विषयच निघत नाही."

सोपं होतं. एका वाक्याचं काम. द्रौपदीचं मन तिकडं ओढलं गेलं, हे कबूल करायला हवं.

"मग पोच कुणी दिली म्हणून विचारतील," ती म्हणाली. "सुहासिनीबाई सही ओळखून घेतली म्हणतील. त्यांना घरी बसवतील."

"चौकशीत सुटतील त्या."

"आणि नाय सुटल्या तर? त्यांनी काय केलंय, भाऊ?"

शशिकांतनं चष्मा काढला आणि शर्टानं पुसत बसला.

ती उठून जनाबाईकडं गेली. जनाबाई दारात मेथी निवडत होती. तिचं रेशनकार्ड मागच्याच महिन्यात झालं होतं, द्रौपदीच्याच दाखल्यावर. मुलगा सुनेच्या मागं कामधंदा सोडून बसलेला, घर त्या कार्डावरच्या तांदळावर चालत होतं. द्रौपदीनं काही लपवलं नाही. कोऱ्या सह्या, ड्रायव्हर, आण्णा, तीनशे बारा, सगळं सांगितलं.

"म्हंजी माझं राशन बंद व्हईल?"

"चौकशी होईस्तोवर, कदाचित."

"किती दिस?"

"ठाऊक नाय, मावशी."

जनाबाईनं निवडलेली मेथी परातीत टाकली, परात उचलली आणि आत गेली. द्रौपदी दारात उभीच राहिली. चांगल्या-वाईट कुठल्याही उत्तरासाठी ती आली होती, आणि तिला कुठलंच मिळालं नाही. ह्याच बाईनं निवडणुकीत अनवाणी फिरून तिच्यासाठी मतं मागितली होती.

गुरुवारी अकराला सभा सुरू झाली. सभागृह गच्च भरलेलं. आण्णा, तेही सदस्यच, पहिल्या रांगेत. मागं प्रेक्षकांच्या बाकावर सुदाम, धुतलेला शर्ट घालून. नगराध्यक्ष चिंतामणी वकील खुर्चीवर. हे गृहस्थ कुणाचे मित्र नव्हते आणि कुणाचे वैरीही नव्हते. त्यांचं प्रेम फक्त नियमांच्या पुस्तकावर. आठ विषय भराभर मंजूर झाले. नववा वाचला गेला तशी द्रौपदी उभी राहिली. तिनं बाकाची कड धरली.

"अध्यक्ष महाराज, हे पत्र माझं नाय."

"सही आपली आहे?" अध्यक्षांनी कागद वर धरला.

दारात टपालाची फाइल घेऊन सुहासिनी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"सही माझीच हाय," द्रौपदी म्हणाली. "मजकूर माझा नाय. मी कोऱ्या कागदावर सह्या करून ठेवते. लोकांना दाखल्यासाठी ताटकळत बसावं लागू नये म्हणून. दर रविवारी चाळीस."

आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग एकच गलका झाला. तिनं पिशवीतून उरलेले कागद काढले आणि चालत जाऊन अध्यक्षांच्या टेबलावर ठेवले. एकोणीस कोरे कागद, एकोणीस सह्या, एकोणीस शिक्के.

"बघा. ह्यावर कुणी पण काही पण लिहील. तसंच त्याच्यावर लिहिलंय."

आण्णा सावकाश उठले. "अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्या स्वतःच कबूल करतायत. इतिवृत्तात नोंद घ्या. आणि माझा एक प्रश्न आहे. हे सरकारी शिक्क्याचे कागद वाटत कोण होतं? त्याचं नाव सभागृहाला कळू द्या."

ह्याचं उत्तर द्रौपदीनं घरी घोकलं नव्हतं. नाव घ्यावं तर नवरा पोलीसचौकीत, न घ्यावं तर सगळंच खोटं दिसतं. आण्णा वाट बघत उभे होते. त्यांना घाई नव्हती.

"मी," मागून आवाज आला.

सुदाम उभा होता. प्रेक्षकांनी बोलायचं नसतं, अध्यक्षांनी घंटी वाजवली, शिपाई धावला. तरी तो बोललाच. "मी वाटायचो. तुमच्या ड्रायव्हरला पण मीच दिले, आण्णा. दोन. तो अंबरनाथला राहतो हे ठाऊक असून दिले. चूक माझी हाय." शिपायानं त्याला दंड धरून बाहेर नेलं. जाताना त्यानं बायकोकडं पाहिलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिनंही त्याच्याकडं नीट पाहिलं.

आण्णा खाली बसले. गलका थांबेना. अध्यक्षांनी नियमांचं पुस्तक उघडलं, पान शोधलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"तोंडी बोलण्याला अर्थ नाही. पत्र मागं घ्यायचं असेल तर लेखी द्या, स्वतःच्या हातानं, विषय मताला टाकायच्या आत. आता अकरा चाळीस झालेत. अकरा पन्नासला मी मत घेणार."

शशिकांत असता तर मसुदा सांगता आला असता. तो मुंबईला कामावर. द्रौपदीनं टेबलावरच्या गठ्ठ्यातलाच एक कागद उचलला, जागेवर आली आणि पेन काढलं. सातवीनंतर तिनं सहीखेरीज फारसं काही लिहिलंच नव्हतं. लिहायचं काम सुदामचं. 'माननीय' लिहिताना हात अडला. मागून कुणीतरी म्हणालं, "जमेल ना, बाई?" दुसरा म्हणाला, "उद्यापर्यंत होईल." तिच्या कपाळावरून घाम कागदावर पडला आणि शाई जराशी फुटली. तिनं पदरानं टिपली. बनूचं नाव अर्जात घालावं असं तिला फार वाटलं, पण वेळ नव्हता. तिनं साध्या, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, की माझ्या नावानं दिलेलं पत्र मी दिलेलं नाही, ते मी मागं घेते, आमच्या वस्तीला दवाखाना पाहिजे आहे, जागा दवाखान्यालाच ठेवा.

मजकूर संपला. खाली चार बोटं जागा आणि तळाशी तिची रविवारची सही. घड्याळात दोन मिनिटं राहिली होती. तिनं शेवटच्या ओळीला चिकटून नवी सही केली, आणि तळाची जुनी सही आडवी रेघ मारून खोडली. मग कागद नेऊन दिला.

अध्यक्षांनी तो दोनदा वाचला. "संदर्भपत्र मागं घेतल्यामुळं विषय क्रमांक नऊ रद्द. आरक्षण कायम." मग त्याच आवाजात, पान उलटून, "सदस्यांच्या कोऱ्या सह्या आणि त्यावरचे सर्व दाखले यांची चौकशी व्हावी. फेरपडताळणी होईपर्यंत जुने दाखले स्थगित. विषय दहा."

बाहेर पडताना आण्णा तिच्या जवळून गेले. "जागा राखलीत, वहिनी. आता वस्ती राखा."

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमाराला बोळात आवाज ऐकू यायला लागले. नोटीस वस्तीच्या फळ्यावर लागली होती. सुदामनं खिडकीतून पाहिलं आणि मागं सरला. "पन्नाससाठ माणसं हायेत. तू आतच थांब, मी बोलतो."

"दारात आलेल्या माणसाला," द्रौपदी म्हणाली, आणि पुढचं न बोलताच दार उघडलं.

सगळ्यात पुढं जनाबाई होती. हातात रेशनकार्ड. मागं बाया, बाप्ये, कडेवर पोरं. द्रौपदीला चपलांची आठवण झाली. ती तशीच उभी राहिली. जे व्हायचं ते होऊ दे, तोंड लपवायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

जनाबाईनं कार्ड पुढं केलं. "नवा दाखला लिही."

द्रौपदीला क्षणभर समजलंच नाही. मग डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत. "मावशी, आता मी माझ्या हातानं लिहिणार. माणूस समोर बसवून, विचारून, मग सही. माझा हात लई सावकाश चालतो. तीनशे बारा हायेत. दिवस जाईल तुमचा."

"फाटकात पाऊण तास थांबले व्हते मी," जनाबाई म्हणाली. "हितं थांबाया काय व्हतंय मला?"

आणि ती उंबऱ्यावर बसली.